गाडी परत करताना

कॅम्परव्हॅनची, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेल्या गाडीची, सहल संपायला लागते ती फ्रिजपासून. न्यूझीलंडमधल्या ट्वायझेलच्या सुपरमार्केटात आमचे हे दोन लिटर दुधाचा कॅन ट्रॉलीत ठेवत होते, तेवढ्यात मी म्हटलं, “लिटरचाच घ्या.” ते जरा थांबले आणि काही न बोलता मोठा कॅन जागेवर ठेवून आले. ऑकलंडला गाडी ताब्यात घेतल्यापासून दर खरेदीला ‘पुरेल का?’ असा प्रश्न असायचा. त्या दिवशी पहिल्यांदा ‘उरेल का?’ असा झाला. मग दोघांच्याही डोक्यात तेच. अर्धा कोबी, चार बटाटे, बरणीच्या तळाला गेलेलं लोणचं, हे सगळं सोमवारच्या आत संपवायचं. खिडकीतून ३७२४ मीटर उंचीचा आओराकी, म्हणजे माउंट कुक, लख्ख दिसत होता आणि मी कोबीचं काय करता येईल याचा विचार करत होते.

ट्वायझेल हे गावही मोठं गमतीचं. वैताकी नदीच्या वरच्या अंगाला जलविद्युत प्रकल्प उभारायचा म्हणून कामगारांसाठी १९६८ मध्ये ते वसवलं. काम झालं की घरं उचलायची आणि जागा पुन्हा माळरान करून टाकायची, असं आधीच ठरलेलं. पण प्रकल्प संपत आला तेव्हा रहिवासी अडून बसले. आम्ही नाही जाणार. १९८३ मध्ये त्यांनी भांडून गाव राखलं. आपल्याकडच्या धरणांच्या वसाहती काम संपल्यावर कशा ओस पडतात, पिंपळ कसे भिंती फोडून बाहेर येतात, हे पाहिलेलं असल्यामुळे मला त्या गावाचं फार अप्रूप वाटलं. दिसायला गाव साधंच आहे. सुंदर तर मुळीच नाही. पण जायची तारीख ठरलेली असताना राहून गेलेलं गाव आहे ते, आणि जायची तारीख ठरलेली माणसं अशा गावात जरा रेंगाळतात.

उत्तर बेट भराभर आणि दक्षिण बेट सावकाश, असा आमचा बेत होता. ऑकलंड, रोटोरुआ, टोंगारिरो, वेलिंग्टन. तिथून गाडीसकट फेरीबोटीत चढून साडेतीन तासांत कुकची सामुद्रधुनी ओलांडायची की पिक्टन. मग पश्चिम किनाऱ्याने खाली हास्टपर्यंत, पुढे वानाका, ते अनाऊ, मिलफर्ड साउंड, आणि परतताना मॅकेन्झीच्या पठारावरून ख्राइस्टचर्च. रस्ता डाव्या हाताचाच, त्यामुळे यांना चालवायला जड गेलं नाही. जड गेले ते एकपदरी पूल. पश्चिम किनाऱ्यावर ते इतके आहेत, की समोरच्याला वाट द्यायची आणि त्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून आभार मानायचे, ही तिथली रीतच झालीय. हे नाशिकला परत आल्यावरही मुंबई नाक्याला एकदा बोट उचलते झाले. समोरच्या रिक्षावाल्याने फार चमत्कारिक नजरेने पाहिलं.

परत आल्यावर सोसायटीत प्रत्येकाने डोंगर-सरोवरांचे फोटो सभ्यपणे पाहिले आणि मग आवाज खाली आणून खरा प्रश्न विचारला: “पण संडासाचं काय?”

प्रश्न रास्तच आहे. न्यूझीलंडमध्ये सरकारी जागेवर फुकट मुक्काम करायचा, म्हणजे ज्याला तिथे फ्रीडम कॅम्पिंग म्हणतात ते करायचं, तर बहुतेक ठिकाणी गाडी स्वयंपूर्ण लागते. तीन दिवस बाहेरून काहीही न घेता आणि बाहेर काहीही न सोडता माणसं राहू शकतील इतकं पाणी आणि इतक्या टाक्या हव्यात. २०२३ च्या कायद्याने आणखी एक अट घातली: संडास गाडीत कायमचा बसवलेला पाहिजे, कुठेतरी कोपऱ्यात ठेवलेलं डबडं चालणार नाही. तर त्या संडासाखाली वीसेक लिटरची एक टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. गाडीला बाहेरून एक छोटं दार असतं, ते उघडून ती ओढून काढायची. तिला चाकं आणि दांडा असतो. बॅग ओढल्यासारखी ओढत डम्प स्टेशनवर, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, न्यायची, तोटी बाहेर वळवायची, झाकण काढायचं आणि ओतताना अंगठ्याने हवेचं बटण दाबून धरायचं. बटण दाबलं तर धार सरळ पडते. नाही दाबलं तर आतली हवा उसळी मारते आणि बूट धुवावे लागतात. मग पाणी घालून खळखळून विसळायची, औषधाची पुडी टाकायची आणि परत जागेवर.

आपल्याकडे हे काम कोणी करायचं ते जन्मावर ठरवून टाकलेलं. माणसाकडून मैला साफ करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी गटारात उतरून माणसं मरतात आणि ती कोणत्या वस्त्यांतली असतात ते आपल्याला ठाऊक असतं. तिथे डम्प स्टेशनच्या रांगेत प्रत्येक जण आपापली टाकी घेऊन उभा. नवविवाहित जोडपी, पांढऱ्या केसांचे आजोबा, कडेवर मूल घेतलेल्या बायका. आमच्या यांनी सुरुवातीला नाकाला रुमाल बांधला होता. पुढे पुढे ते त्याच रांगेत एका स्विस आजोबांशी व्याजदरांवर तावातावाने बोलताना दिसले. दोघेही बँकेतून निवृत्त, दोघांच्याही हातात दांडा.

स्वयंपाकाची कथा वेगळी. दोन बर्नरची शेगडी आणि हाताच्या अंतरावर छताला धुराचा अलार्म. मोहरी तडतडली, हिंग पडला, की अलार्म असा किंचाळायचा की शेजारच्या गाड्यांतून माथी बाहेर. उपाय एकच, सरकतं दार सताड उघडून फोडणी करायची. उत्तर बेटात हे छान चाललं. पश्चिम किनाऱ्यावर उतरलो आणि दार उघडायची सोय राहिली नाही, कारण तिथे सँडफ्लाय.

चिलटाएवढी काळी माशी. चावते फक्त मादी, पण तेवढी पुरते. कॅप्टन कुकने १७७३ मध्ये डस्की साउंडला मुक्काम केला तेव्हा त्यानेही वैतागून सँडफ्लायबद्दल लिहून ठेवलंय. तिथले मूळचे माओरी लोक तिला नामू म्हणतात आणि तिच्या जन्माची कथा सांगतात. तू-ते-राकिफानोआ या देवाने कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कडे तासून तासून फिओर्डलंडचा किनारा घडवला. काम पुरं झाल्यावर हिने-नुई-ते-पो, म्हणजे रात्रीची आणि मृत्यूची देवी, ते पाहायला आली. पाहून तिला काळजी वाटली. इतकं देखणं झालंय की माणसं इथून हलणारच नाहीत. म्हणून तिने नामू सोडली, माणसांनी यावं, बघावं आणि निघावं म्हणून. मिलफर्ड ट्रॅक ही पायवाट जिथे संपते, त्या टोकाचं नाव आजही सँडफ्लाय पॉइंट आहे.

दार लावून, अलार्मवर ताट हलवत, बटाट्याची भाजी परतताना मी ही कथा वाचली आणि देवीचं मला पटलं. त्या देशातली सगळी व्यवस्थाच तिच्या बाजूची आहे. फुकटच्या जागी बहुतेक एक किंवा दोन रात्रींची मर्यादा. पैसे भरून राहायच्या हॉलिडे पार्कात सकाळी दहाला जागा सोडायची. म्हणजे रोज निघायचं. छताची खिडकी लावा, गॅसचा कॉक बंद करा, विजेची केबल गुंडाळा, चमच्यांच्या खणाला खटका लावा, नाहीतर पहिल्याच वळणावर सगळे चमचे जमिनीवर. ही कवायत आम्ही इतक्या वेळा केली की शेवटी शेवटी बोलावंही लागायचं नाही. मला वाटायचं, रोज निघून निघून माणूस तयार होत असेल, शेवटचं निघणं त्याला हलकं जात असेल. तसं काही होत नाही. रोज निघताना पुढचा मुक्काम ठरलेला असतो, एवढाच काय तो फरक.

पश्चिम किनाऱ्यावर राज्यमार्ग सहा सोडून तेरा किलोमीटर समुद्राकडे गेलं की ओकारिटो लागतं. मोजकी घरं, मागे खाजण, पुढे टास्मान समुद्राची अखंड गाज आणि आभाळ मोकळं असेल तर पूर्वेला बर्फाची रांग. आमच्या यादीत ते नव्हतं. फ्रान्झ जोसेफ हिमनदीकडे जायची घाई होती. पण पेट्रोलपंपावरच्या मुलाने सांगितलं, जमलं तर कोतुकु बघा, आणि आम्ही फाट्याला वळलो.

कोतुकु म्हणजे तिथला पांढरा पक्षी. अख्ख्या न्यूझीलंडमध्ये दीडशे-दोनशेच्या आसपास. घरटी करतो ती एकाच जागी, या खाजणाजवळच्या वैटांगिरोटो नदीकाठी. दोन डॉलरच्या नाण्यावर त्याचं चित्र आहे. क्वचित येणाऱ्या थोर पाहुण्याला माओरी भाषेत ‘एकाच भरारीचा कोतुकु’ म्हणतात, जन्मात एकदा दिसला तर दिसला. हे सगळं आम्हाला लाकडी धक्क्यावर कुत्र्याला घेऊन आलेल्या एका बाईने सांगितलं, तेही कुजबुजत, कारण तो समोरच उभा होता.

ओहोटीच्या उथळ पाण्यात एक पाय उचललेला. मान इंग्रजी एससारखी दुमडलेली. पिवळी चोच. पाणी इतकं स्थिर की खाली दुसरा तसाच. मग त्याने तो पाय पुढे टाकला, बोटं मिटून पाण्यात घातली आणि आत गेल्यावर उघडली, एकही वलय न उठवता. बाईने श्वास रोखला होता. आणि हे मोठ्याने म्हणाले, “अगं, हा तर आपला बगळा!”

मराठीत म्हणाले, नशीब. पण खरंच होतं. तोच पक्षी आहे. आपला मोठा बगळा, जो भारतापासून जपानपर्यंत आणि ऑस्ट्रेलियापर्यंत सर्रास दिसतो, तोच तिथे तुरळक आहे. नाशिकपासून तासाभरावर नांदूरमध्यमेश्वरला गोदेच्या पाण्यात ते रांगेने उभे असतात. इगतपुरीच्या भातखाचरांत नांगरामागे चालणारे लहान गायबगळे असतात, ते वेगळे, पण लांबून आपण दोघांना एकाच नावाने मोकळे करतो. मी आयुष्यात किती मोठे बगळे पाहिले असतील! पाहिले म्हणजे डोळ्यांसमोरून गेले. पाय पाण्यात घालताना तो बोटं मिटतो, हे मला ओकारिटोला कळलं, साठी जवळ आल्यावर.

“काय म्हणाले ते?” बाईने विचारलं. मी यांचा कोपर दाबला आणि म्हटलं, “फार सुंदर आहे म्हणतायत.” आमच्याकडे हे पन्नास-पन्नास असतात, असं तिला सांगण्यात काय अर्थ होता? आम्ही तिघं तो उडेपर्यंत थांबलो. तिने कुत्र्याचा पट्टा हाताला दोन वेढे घेऊन धरला होता.

हिमनदीकडे मग दुसऱ्या दिवशी गेलो. खरं सांगायचं तर तिने फार काही दिलं नाही. फ्रान्झ जोसेफ इतकी मागे हटलीय की २०१२ पासून दरीतून चालत तिच्यावर चढता येत नाही, बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टर. गोट्यांनी भरलेली रुंद दरी आणि शेवटी दूर वर करडा बर्फ. सगळ्यांनी फोटो काढले. आम्हीही काढले.

वानाकाला पोहोचेपर्यंत डोळ्यांना अजीर्ण झालं होतं. हे कोणी लिहीत नाही, पण होतं. निळं सरोवर, त्यामागे डोंगर, त्यामागे बर्फाचा डोंगर, वळण, आणखी निळं सरोवर. मी “बघा, बघा” म्हणायची थांबले आणि यांनी मोबाइल खिशातून काढणं सोडलं. त्यातून बाहेर काढलं ते मिलफर्डच्या पावसाने. तिथे वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या आंबोलीच्या पंगतीतला. पण आंबोलीचा चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, मिलफर्डचा बारा महिने पुरवून पुरवून पडतो. होमर बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलला थांबलो तेव्हा समोरच्या उभ्या कातळावरून मोजता येणार नाहीत इतके धबधबे सुटले होते. हा बोगदा १९३५ मध्ये पाच माणसांनी कुदळी आणि ढकलगाड्या घेऊन खणायला घेतला आणि वाहतुकीला खुला व्हायला १९५४ उजाडलं. लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर. आत दिवे मंद, उतार दहाला एक, भिंती न घासलेल्या. पलीकडे बाहेर पडलो तर तिकडेही पाऊसच. किआ नावाचा डोंगरी पोपट शेजारच्या गाडीच्या काचेचं रबर मन लावून सोलत होता आणि गाडीतली माणसं आतून त्याचा व्हिडिओ काढत होती.

शेवटचे मुक्काम टेकापोला. एप्रिल लागला होता, पॉपलर पिवळे झाले होते. हा सगळा मॅकेन्झीचा भाग २०१२ पासून काळोखाचा राखीव प्रदेश आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा खाली बघणारे. रात्री अंगावर सगळे स्वेटर चढवून बाहेर उभं राहिलो. मृग नक्षत्र उलटं लटकलेलं आणि व्याध त्याच्या वर. नाशिकहून क्षितिजाला कसाबसा टेकलेला दिसतो तो त्रिशंकू इथे चांगला उंच. लहानपणी आजोबांनी गच्चीवर शिकवलेलं आभाळ पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं. हे कुडकुडत म्हणाले, “मान दुखली, चहा कर.” दूध मोजून होतं, तरी केला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिथे घड्याळं एक तास मागे घेतात. आमचा तो शेवटचा रविवार होता. म्हणजे न्यूझीलंड सरकारने जाता जाता एक तास जादा दिला. मी तो झोपेत घालवला आणि यांनी गाडी आतून पुसण्यात.

टेकापो ते ख्राइस्टचर्च जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. डोंगर संपतात आणि कँटरबरीचं मैदान सुरू होतं, सरळसोट रस्ता, दोन्हीकडे उंच छाटलेली कुंपणाची झाडं, शेतात फिरणारे पाण्याचे लांबलचक पाइप. राकाइया नदीवरचा पूल पावणेदोन किलोमीटरचा, देशातला सर्वांत लांब रस्त्याचा पूल, आणि खाली नदी म्हणाल तर खड्यांच्या पात्रात दहाबारा करड्या धारा, एकमेकींत मिसळणाऱ्या, परत सुटणाऱ्या. पुलावर दोघंही काही बोललो नाही. नंतर यांनी विचारलं, “डिझेल फुल करून द्यायचंय ना?”

ख्राइस्टचर्चच्या हॉलिडे पार्कातल्या स्वयंपाकघरात एक फळी असते. बहुतेक सगळ्याच पार्कांत असते. जाणाऱ्यांनी उरलेलं ठेवायचं, येणाऱ्यांनी लागेल ते न्यायचं. विमानतळाजवळच्या पार्कांतली फळी सर्वांत भरलेली. पास्त्याची अर्धी पाकिटं, मिठाचे डबे, ऑलिव्ह तेलाच्या तळाला गेलेल्या बाटल्या, टॉयलेट पेपरचे रोल, एक निळी बादली. मी पाऊण पाकीट तूरडाळ, हळद, मोहरी आणि आईच्या हातचा गोडा मसाला एका ओळीत लावला. लोणच्याची बरणी ठेवू की नको, असं चाललं होतं, तेवढ्यात एक जर्मन मुलगी आली. आदल्याच दिवशी उतरलेली, गाडी नवी, हातात रिकामी पिशवी. तिने मसाला उघडून वास घेतला. कशात घालायचा? मी म्हटलं, कशातही, पण आधी तेलात नको, शिजत आल्यावर घाल, आणि गुळाऐवजी थोडी ब्राउन शुगर. तिने मोबाइलवर लिहून घेतलं. हळद मात्र नको म्हणाली, गाडी पांढरी आहे म्हणून. शहाणी मुलगी.

बॅगा भरताना बूट हातात आले. ऑकलंडला उतरलो तेव्हा याच बुटांना ब्रह्मगिरीची माती होती आणि विमानतळावरच्या जैवसुरक्षावाल्यांनी ते नेऊन, धुऊन, पुसून परत आणून दिले होते. आता पश्चिम किनाऱ्याचा चिखल वाळून पापुद्रे धरला होता. जाताना कोणी काही विचारणार नव्हतं. तरी मी नळाखाली धरून घासले, त्र्यंबकच्या डोंगरावर कुठलं तरी परकं बी पडायला नको.

गाडीच्या यार्डात एक तरुण हातात टॅब घेऊन आला. शिडी लावून टप पाहिला, चाकं पाहिली, कॅसेटचं दार उघडून वाकला, मान डोलावली. फ्रिज उघडून बंद केला. चमच्यांचा खण ओढून मोजदाद केली, सगळे होते. गाडीला ‘आपली’ म्हणायची इतकी सवय झाली होती की तो पडदे हलवून बघायला लागला तेव्हा मला उगाच राग आला. मीच सकाळी त्यांच्या घड्या नीट केल्या होत्या. किलोमीटरचा आकडा त्याने टॅबवर टाकला आणि काउंटरवर बिल आलं.

त्या बिलात एक ओळ रस्ताकराची असते. तिथे पेट्रोलच्या भावात कर धरलेला असतो, डिझेलच्या नाही. म्हणून डिझेल गाडीने जितकं अंतर कापलं तितका कर वेगळा भरायचा. हलक्या गाडीला सरकारी दर हजार किलोमीटरला ७६ डॉलर. म्हणजे प्रत्येक चुकलेलं वळण, देखावा बघायला मागे घेतलेला प्रत्येक फेरा, सगळं मोजलेलं. हे चष्मा लावून बसले. आयुष्य बँकेत गेलेला माणूस, बिल न तपासता उठणार कसा? मी बॅगा दाराशी लावल्या. शटलचा ड्रायव्हर एकदा आत डोकावून गेला. शेजारच्या बाकावर नुकतंच उतरलेलं एक जोडपं गाडी कशी वापरायची याचा व्हिडिओ बघत होतं, आणि नेमकं कॅसेटचं प्रकरण चालू होतं. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने व्हिडिओकडे पाहत राहणं पसंत केलं.

“ओकारिटोचा फाटा,” हे कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहीत म्हणाले, “जाऊन येऊन सव्वीस किलोमीटर. म्हणजे एक डॉलर अठ्ठ्याण्णव सेंट.”

“दोन धरा,” मी म्हटलं, “आणि उठा आता.”